भूल दिल्यावर मध्येच जाग आली तर?

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की नागपुरात बरेच काही विचारले जाते. खर्च किती येईल, महात्मा फुले योजनेत बसते का, रक्ताची सोय करून ठेवावी लागेल का, टाके कधी निघतील, डबा घरून आणलेला चालेल का. यातल्या प्रत्येक प्रश्नाला कोणी ना कोणी उत्तर देतो. रुग्णाच्या मनात आदल्या रात्रभर घोळत असलेला एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा तोंडाबाहेर पडत नाही, कारण तो विचारला तर लोक आपल्याला भित्रे म्हणतील असे त्याला वाटते. पोट उघडलेले असताना मला जाग आली, आजूबाजूचे सगळे कळू लागले, पण हात हलवता आला नाही आणि ओरडताही आले नाही, तर काय?

ही भीती खुळी नाही. असे क्वचित घडते, आणि ते कशामुळे घडते हे आज बऱ्यापैकी नेमकेपणाने ठाऊक आहे. म्हणूनच ‘काही होत नाही हो, तुम्ही फक्त झोपून राहा’ हे ठरावीक उत्तर मला अपुरे वाटते. त्याने रुग्ण गप्प होतो, पण भीती आहे तिथेच राहते. त्यापेक्षा भुलेची यंत्रणा कशी चालते, ती कोणत्या क्षणी कच्ची पडू शकते आणि त्या क्षणावर कोणाचे लक्ष असते, हे समजून घेतले तर आपण भूलतज्ज्ञांना नेमके काय विचारायचे आणि काय सांगायचे हे ठरवता येते.

सुरुवातीला एक गल्लत दूर करायला हवी. धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर तासभर बसले, तर ‘आमच्या वहिनीला तर डॉक्टरांचे सगळे बोलणे ऐकू येत होते’ असे सांगणारे कोणीतरी हमखास भेटते. चौकशी केली तर बहुधा कळते की वहिनीचे सिझेरियन झाले होते, आणि सिझेरियन आता बहुतांशी पाठीत इंजेक्शन देऊन केले जाते. या पद्धतीत कमरेच्या आसपासचा आणि खालचा भाग बधिर होतो, पण रुग्ण जागाच असतो. त्याने जागे राहणे हे आधीच ठरलेले असते. हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, पायाचे मोडलेले हाड अशी कितीतरी ऑपरेशने याच पद्धतीने होतात. अशा वेळी बोलणे ऐकू येणे, हत्यारांचा खणखणाट कानावर पडणे, पोटात कोणीतरी ओढते आहे किंवा दाबते आहे असे जाणवणे हे सारे अपेक्षित असते. कापल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना मात्र होऊ नये, आणि झाली तर लगेच बोलावे; रुग्णाचे तोंड मोकळे असते आणि भूलतज्ज्ञ उशाशीच असतो.

दुसरा प्रकार गुंगीचा. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी किंवा एखादी छोटी प्रक्रिया करताना शिरेतून थोडे औषध देऊन रुग्णाला पेंगुळलेला ठेवतात. त्यात मधूनमधून भान येऊ शकते आणि त्यात काही बिघडलेले नसते. ‘तुम्हाला झोपवून करू’ एवढेच सांगितलेले असेल तर मात्र रुग्णाची समजूत वेगळी होते, आणि जाग आली की तो हादरतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी या विषयावर केलेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्येच जाग आल्याच्या ज्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या, त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात रुग्णाला संपूर्ण भूल दिलेलीच नव्हती, फक्त गुंगी दिलेली होती. त्या रुग्णांचा त्रास खोटा नव्हता. त्यांना आधी नीट सांगितले गेले नव्हते.

तिसरा प्रकार ऑपरेशन संपतानाचा. टाके घालून झाले की भूल उतरवतात, आणि तेव्हा रुग्णाने जागे व्हावे असेच सगळ्यांना हवे असते. ‘काका, डोळे उघडा. जीभ बाहेर काढा. मोठा श्वास घ्या.’ हे शब्द ज्याला आठवतात, घशातली नळी निघतानाचा ठसका ज्याला आठवतो, त्याला बहुधा ठरल्या वेळी जाग आलेली असते. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

हे तीन प्रकार वगळले की उरते ती खरी घटना: संपूर्ण भूल द्यायची होती, दिलीही होती, आणि तरी रुग्णाला मध्ये भान आले व नंतर ते आठवले. ती समजण्यासाठी संपूर्ण भूल म्हणजे काय हे पाहावे लागते. संपूर्ण भूल एकाच इंजेक्शनची असते असा आपला समज असतो, प्रत्यक्षात तीन निरनिराळी कामे निरनिराळ्या औषधांकडून करून घेतली जातात. पहिले काम शुद्ध हरवण्याचे. त्यासाठी सुरुवातीला शिरेतून बहुधा प्रोपोफॉल नावाचे दुधासारखे पांढरे औषध देतात आणि पुढे सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन यांसारखी वाफ श्वासातून चालू ठेवतात. दुसरे काम वेदनेचे संदेश दाबण्याचे. ते फेंटानिलसारखी औषधे करतात. तिसरे काम स्नायू सैल करण्याचे. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर शल्यविशारदाला आत हात घालता येत नाही आणि श्वासनलिकेत नळी टाकणेही अवघड होते, म्हणून व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, सक्सिनिलकोलिन अशी औषधे वापरतात.

सगळी गोम या तिसऱ्या औषधात आहे. ते स्नायूंवर काम करते. मेंदूवर आणि वेदनेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञावर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वतः शुद्धीत असताना त्याने क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे औषध श्वास पूर्ण थांबेल इतक्या मात्रेत टोचून घेतले, सहकाऱ्यांनी यंत्राने त्याचा श्वास चालू ठेवला, आणि औषध उतरल्यावर त्याने सांगितले की त्या सबंध काळात त्याला सगळे स्पष्ट कळत होते. आज कोणी असा प्रयोग करू देणार नाही, पण त्याने एक शंका कायमची मिटवली.

नागपूरकरांना हे कूलरवरून चटकन उमजेल. कूलरच्या पंख्याचे आणि पंपाचे बटण वेगळे असते. पंप बंद पडला तरी पंखा त्याच आवाजात फिरत राहतो, त्यामुळे बाहेरच्या खोलीतल्या माणसाला कूलर व्यवस्थित चालला आहे असेच वाटते. समोर झोपलेल्याला मात्र गरम झोत लागत असतो. स्नायू शिथिल झालेला रुग्ण बाहेरून असाच शांत दिसतो. शुद्ध हरवणारे औषध आत कमी पडले असले, तरी त्याच्या नुसत्या दिसण्यावरून ते कळत नाही.

म्हणूनच या घटनेला खऱ्या अर्थाने भीतिदायक रूप आले ते १९४२ नंतर. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनच्या वेळी क्युरारे वापरले आणि भूलशास्त्राचे तंत्र बदलले. त्याआधी भूल अपुरी पडली की रुग्ण हलत असे, कण्हत असे, आणि शल्यविशारद थांबत असे. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टनने ईथरची जी प्रसिद्ध भूल दिली, तिच्यातल्या रुग्णानेही नंतर सांगितले होते की मान कोणीतरी खरवडत असल्यासारखे जाणवत होते, पण दुखत नव्हते. म्हणजे अर्धवट भान राहणे हे भुलेच्या पहिल्या दिवसापासूनचे आहे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांनी ऑपरेशन कितीतरी सुरक्षित केले आणि मोठमोठ्या शस्त्रक्रिया शक्य केल्या, पण रुग्णाकडून मिळणारी हालचालीची खूण त्यांनी काढून घेतली.

आता आकडे. ब्रिटन-आयर्लंडच्या त्या पाहणीत रुग्णांनी आपणहून केलेल्या तक्रारी मोजल्या, तेव्हा सुमारे १९,००० संपूर्ण भुलींमागे एक घटना असे प्रमाण निघाले. स्नायू शिथिल करणारे औषध वापरले होते तिथे ते सुमारे ८,००० मागे एक होते, आणि वापरले नव्हते तिथे सुमारे १,३६,००० मागे एक. वर सांगितलेली यंत्रणा खरी असल्याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागणार नाही. सिझेरियन संपूर्ण भुलेखाली करावे लागले तेव्हा मात्र प्रमाण सुमारे ६७० मागे एक इतके चढले होते.

दुसऱ्या एका पद्धतीने मोजले तर आकडा मोठा येतो. ऑपरेशननंतर प्रत्येक रुग्णाला गाठून, एकदा नव्हे तर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ‘झोप लागण्यापूर्वीचे शेवटचे काय आठवते, जाग आल्यावरचे पहिले काय आठवते, आणि या दोहोंच्या मध्ये काही आठवते का’ असे विचारले, तर हजारात एक-दोन जण ‘हो’ म्हणतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात ११,७८५ रुग्णांना असे विचारले गेले आणि प्रमाण ०.१५ टक्क्याच्या आसपास आले. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. आपणहून सांगणारे आणि खोदून विचारल्यावर सांगणारे यांच्या संख्येत एवढी तफावत असेल, तर अनेक जण ही गोष्ट मनातच ठेवतात असा अर्थ मी तरी काढतो. ऑपरेशन यशस्वी झाले आहे, डॉक्टरांनी जीव वाचवला आहे, मग अशी तक्रार कशी करायची, हा संकोच आपल्याकडे तर आणखी मोठा.

ब्रिटन-आयर्लंडच्या पाहणीतली आणखी एक माहिती भीतीचा आकार बराच बदलते. लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असते ते ऑपरेशनच्या ऐन मध्यावरचे, तासन्‌तास चाललेल्या छळाचे. प्रत्यक्षात सुमारे दोन तृतीयांश घटना भूल चढताना किंवा उतरताना घडल्या होत्या, आणि चारांपैकी तीन पाच मिनिटांहून कमी काळ टिकल्या होत्या. पाच मिनिटे कमी असतात असे म्हणण्याचा हेतू नाही. त्या अवस्थेतले एक मिनिटही पुरेसे लांब वाटत असणार.

भूल चढतानाच हे का व्हावे? टेबलावर आडवे झाल्यावर छातीला चिकटपट्ट्या लागतात, बोटाला चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. तोंडावर मास्क धरून प्राणवायू देतात. त्याला प्लॅस्टिकचा वास असतो. मग सलाईनच्या नळीतून ते पांढरे औषध सरकत येते, हातात शिरेच्या बाजूने चुरचुरते, आणि साधारण अर्ध्या मिनिटात भान जाते. प्रोपोफॉलच्या त्या एका मात्रेचा परिणाम मात्र पाच-दहा मिनिटेच राहतो. तेवढ्या अवधीत स्नायू सैल करणारे औषध द्यायचे, श्वासनलिकेत नळी टाकायची, ती यंत्राला जोडायची आणि भुलेची वाफ चालू करायची असते. वाफ चालू केल्याबरोबर मेंदूत पुरेशी पोहोचत नाही, तिला काही मिनिटे लागतात. एक औषध उतरू लागले आहे आणि दुसरे अजून पुरते चढलेले नाही, अशी फट या ठिकाणी पडू शकते. एरवी ती फट उघडू न देणे हे भूलतज्ज्ञाच्या हाताला सवयीचे असते. पण नळी टाकायलाच वेळ लागला, तर ती रुंदावते.

आणि इथे विदर्भाचा विषय येतो, तो म्हणजे खर्रा. भूलतज्ज्ञ तपासताना तोंड उघडायला सांगतात आणि आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये जातात का ते पाहतात. वर्षानुवर्षे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा चघळणाऱ्या माणसाच्या गालांचे आतले अस्तर सुपारीमुळे टणक होत जाते, तोंड हळूहळू कमी उघडू लागते, आणि पानठेल्यावर रोज उभ्या राहणाऱ्या कित्येक तिशी-पस्तिशीतल्या तरुणांच्या तोंडात दोन बोटेही नीट जात नाहीत. अशा तोंडातून नळी टाकणे कठीण असते. रुग्णाने ‘कधीमधी खातो’ म्हणून विषय मिटवला आणि तपासणीही घाईत झाली, तर अडचण कळते ती थेट टेबलावर, औषधांचे घड्याळ सुरू झाल्यानंतर. आधी कळले तर भूलतज्ज्ञ तयारी करून येतात. शुद्ध हरवणाऱ्या औषधाची जादा मात्रा हाताशी भरून ठेवतात, किंवा तोंड फारच कमी उघडत असेल तर घसा आणि नाक औषधाने बधिर करून, रुग्ण जागा असतानाच कॅमेऱ्याच्या लवचिक नळीच्या मदतीने नाकावाटे श्वासनळी टाकतात आणि मगच झोपवतात. हे जागेपण ठरवून असते, पण आधी कोणी सांगितले नसेल तर तेच एक भयंकर आठवण होऊन बसेल. म्हणून ‘माझी नळी जागेपणी टाकणार का, आणि तेव्हा मला काय जाणवेल’ हे विचारून घ्यावे.

भूल उतरतानाचा धोका वेगळा असतो. शुद्ध हरवणारे औषध बंद केले, रुग्ण जागा होऊ लागला, पण स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल अजून शिल्लक आहे, अशी ती स्थिती. वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो हाच. तो टाळण्यासाठी उलट परिणामाचे इंजेक्शन देतात, आणि मनगटाजवळच्या मज्जातंतूला छोटे विजेचे टिचके देऊन अंगठा किती जोराने हलतो हे पाहणारे एक उपकरणही असते. अंगठ्याची ताकद परतल्याशिवाय रुग्णाला उठवायचे नाही, असा त्याचा साधा उपयोग आहे.

सक्सिनिलकोलिनच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, आणि कापसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी तो समजून घ्यावा. हे औषध एरवी पाच-दहा मिनिटांत उतरते, कारण रक्तातले एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकते. शेतात फवारली जाणारी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच पट्ट्यात. अशी विषबाधा नुकतीच होऊन गेलेली असेल, तर सक्सिनिलकोलिनचा अंमल मिनिटांऐवजी कित्येक तास टिकू शकतो. काही जणांमध्ये हे विकर जन्मतःच कमी असते. आर्य वैश्य समाजात हा आनुवंशिक दोष इतरांपेक्षा अधिक आढळल्याची वैद्यकीय नोंद आहे. हे ठाऊक असले की उपाय सरळ आहे: दुसरे औषध वापरायचे, किंवा ताकद परत येईपर्यंत रुग्णाला यंत्रावर आणि झोपेत ठेवायचे. फवारणीचे, विषबाधेचे, किंवा ‘आमच्या काकांना ऑपरेशननंतर श्वास यायला फार उशीर लागला होता’ असे काही घरात घडलेले असेल तर ते न विचारताही सांगावे.

उरलेली कारणे थोडक्यात. औषधांच्या सिरिंजा दिसायला सारख्या असतात आणि क्वचित क्रम चुकतो, म्हणून प्रत्येकीवर लेबल लावण्याचा आग्रह धरला जातो. वाफेऐवजी सगळी भूल शिरेतूनच पंपाने चालू ठेवली असेल, तर सुई निसटणे किंवा नळी दुमडणे लक्षात यावे लागते, म्हणून तो हात झाकून ठेवू नये असे सांगतात. वाफेचे पात्र रिकामे होणेही शक्य असते.

यावर कोणीही विचारील की मग भूल जरा जास्तच का देत नाहीत. कारण शुद्ध हरवणारी औषधे रक्तदाबही खाली आणतात. समृद्धी महामार्गावरच्या अपघातातून मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरमध्ये आणलेल्या, रक्त गेलेल्या माणसाला पूर्ण मात्रा दिली तर हृदयच साथ सोडेल. तातडीच्या सिझेरियनमध्ये वाफ जास्त झाली तर गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढतो, आणि औषध बाळापर्यंतही जाते. हृदयाच्या ऑपरेशनांतही हीच ओढाताण असते. जीव राखण्यासाठी भूल मुद्दाम हलकी ठेवावी लागते असे हे प्रसंग आहेत, आणि धोक्याचे प्रमाण तिथेच चढलेले दिसते. पित्ताशय, थायरॉइड, कान-नाक-घसा अशा आधी तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला जाणाऱ्या धडधाकट माणसाने तो आकडा स्वतःला लावून घेऊ नये.

मग भान हरपलेले आहे हे ओळखायचे कसे? एक गैरसमज इथे काढून टाकला पाहिजे: भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जातात असा. ते पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत रुग्णाच्या उशाशी असतात, आणि मिनिटामिनिटाला औषधे कमी-जास्त करणे हेच त्यांचे काम असते. नाडी, रक्तदाब, घाम, डोळ्यांतले पाणी या जुन्या खुणा ते पाहतातच, पण त्या पुरेशा भरवशाच्या नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची नाडी भीतीनेही वाढत नाही. त्याहून उपयोगी आहे ते रुग्णाच्या उच्छ्वासातल्या वाफेचे प्रमाण मोजणारे यंत्र. बाहेर येणाऱ्या श्वासात वाफ ठरावीक पातळीपेक्षा खाली गेली की ते गजर करते, म्हणजे पात्र रिकामे झाले किंवा चावी बंद राहिली तर लगेच कळते.

कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या विद्युत लहरींवरून शून्य ते शंभर असा अंक दाखवणारे एक यंत्रही असते, ज्याला सगळे ‘बिस’ म्हणतात. चाळीस ते साठ या दरम्यान अंक राहावा असा प्रघात आहे. काही रुग्ण इंटरनेटवर वाचून येतात आणि हे यंत्र असेल तरच ऑपरेशन करा असा हट्ट धरतात. अभ्यास काय सांगतात? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जास्त धोक्याच्या २,४६३ रुग्णांच्या चाचणीत बिस लावलेल्यांपैकी २ जणांना आणि न लावलेल्यांपैकी ११ जणांना जाग आली. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६,००० रुग्णांच्या चाचणीत बिसची तुलना वाफ मोजणाऱ्या गजराशी केली, तेव्हा बिस सरस ठरले नाही. माझे मत असे की वाफेवरची भूल असेल आणि वाफ मोजली जात असेल, तर बिससाठी अडून बसू नये. सगळी भूल शिरेतून असेल आणि शिवाय स्नायू सैल करणारे औषध असेल, तर मात्र बिसबद्दल आवर्जून विचारावे, कारण तिथे मोजायला वाफच नसते. ही साधने मोठ्या रुग्णालयात आणि तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये सारखी नसतात, म्हणून विचारण्यात गैर काही नाही.

एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगायची राहिली. स्नायू सैल करणारे औषध देण्याआधी एका हातावर रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवला, तर औषध त्या हातात पोहोचत नाही आणि तो हात हलू शकतो. या युक्तीने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २६० रुग्णांना, नळी टाकल्यानंतर, ‘ऐकू येत असेल तर हात दाबा’ असे सांगितले, आणि सुमारे साडेचार टक्के रुग्णांनी हात दाबला. शुद्धीवर आल्यावर अशा रुग्णांना बहुधा त्यातले काहीच आठवत नाही. क्षणभर भान येणे आणि त्याची आठवण तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भुलेची औषधे आठवण फार आधी पुसतात. न आठवणाऱ्या क्षणाला काय म्हणायचे यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. रुग्णाच्या भीतीचा विषय आठवणारा क्षण हा असतो, म्हणून मी तो वाद इथेच सोडतो.

ऑपरेशनआधीच्या भुलेच्या तपासणीला आपल्याकडे ‘फिटनेस घेणे’ म्हणतात, आणि तो एक सहीचा उपचार आहे अशा समजुतीने लोक तिथे जातात. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत गर्दी असते, दोन-चार मिनिटेच मिळतात, म्हणून सांगायच्या गोष्टी आधीच कागदावर लिहून नेलेल्या बऱ्या. पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये भान आले होते का, हे सर्वांत आधी सांगावे, कारण एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता अधिक धरली जाते. दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, वेदनाशामकांची सवय यांमुळे भुलेची गरज वाढू शकते. वडीलधारे सोबत असतील आणि बोलणे अवघड वाटत असेल, तर ‘डॉक्टर, एक गोष्ट एकट्याने सांगायची आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. खर्रा आणि फवारणीबद्दल वर आलेच आहे. आणि भीतीही सांगावी, याच शब्दांत: ‘मला मध्ये जाग येईल अशी भीती वाटते.’ हे रोज ऐकणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. माझ्या ऑपरेशनला स्नायू सैल करायचे औषध लागणार आहे का, भूल वाफेवर ठेवणार की शिरेतून, आणि पाठीतल्या इंजेक्शनने भागेल का, या तीन प्रश्नांनी बोलणे सुरू करता येते. पुष्कळ ऑपरेशनांना ते स्नायू सैल करणारे औषध लागतच नाही, आणि मग जाग आलीच तर तुम्ही हलू शकता.

इतके करूनही कोणाला भान आलेच, तर? ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांच्या सांगण्यात वेदनेपेक्षाही हलता न येण्याची दहशत ठळक दिसते: आपल्याला अर्धांगवायू झाला, आपण मेलो, असे त्यांना वाटलेले असते. ब्रिटिश पाहणीत अशा रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना पुढे दीर्घकाळ मानसिक त्रास झाला. पण त्या क्षणी काय चालले आहे हे ज्यांना कळले किंवा कोणी सांगितले, त्यांना नंतरचा त्रास कमी झाल्याचेही त्यात नोंदले आहे. हा अंमल औषधाचा आहे, यंत्र श्वास देते आहे, तो उतरणार आहे, हे आधीपासून ठाऊक असणे म्हणूनच कामाचे आहे.

नंतर ते आठवले तर शांतपणे, पण लवकर सांगावे. आधी वॉर्डातल्या सिस्टरला, मग ज्यांनी भूल दिली त्या डॉक्टरांनाच प्रत्यक्ष भेटून. कोणते शब्द ऐकले, काय जाणवले, हे विसरण्याआधी लिहून ठेवावे, म्हणजे भुलेच्या कागदावरच्या नोंदींशी ते ताडून पाहता येते. नातेवाइकांनी ‘स्वप्न पडले असेल’ म्हणून उडवून लावू नये. स्वप्नेही पडतात, पण ते ठरवण्याचे काम घरच्यांचे नाही. झोप न लागणे, दचकून उठणे, रुग्णालयाच्या वासानेच छाती भरून येणे हे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरले नाही, तर मेडिकल किंवा मेयोच्या मानसोपचार विभागात जावे. घरातून बोलायचे असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. आणि डिस्चार्ज कार्डावर या घटनेची नोंद लिहून मागावी, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या भूलतज्ज्ञासमोर सगळे पहिल्यापासून पटवून द्यावे लागणार नाही.